चंद्राच्या कडेची जांभळी झालर

प्रश्न : चष्म्याच्या दुकानातून +१ नंबरचे भिंग आणून मी पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण केली. चंद्र छान दिसतो, पण त्याच्या कडेला जांभळट निळी झालर येते. बहिर्वक्र भिंगाला अंतर्वक्र भिंग जोडले की हा दोष जातो, असे वाचले. पण मग अंतर्वक्र भिंग पहिल्याचे सारे काम पुसून टाकणार नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही भिंगे एकाच काचेची असती, तर आपली शंका अगदी बरोबर ठरली असती, रंग जाण्यासाठी नंबरही शून्यावर आणावा लागला असता. काच प्रकाशाला वळवते आणि वळवताना त्यातले रंग फाकवते. या दोन गोष्टींचे प्रमाण सगळ्या काचांत सारखेच असते, असे न्यूटनचे मत झाले होते. म्हणून भिंगांचा नाद सोडून त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण बनवली. हे प्रमाण काचेगणिक बदलते, हे त्याच्या नजरेतून सुटले.

ते ॲबे अंकाने मोजतात : अंक जितका मोठा, तितके रंग कमी फाकतात. नेहमीच्या क्राऊन काचेचा हा अंक सुमारे ६४, तर एका प्रचलित फ्लिंट काचेचा सुमारे ३६ असतो. नंबराला या अंकाने भागले की रंगदोष मिळतो. आता आपल्या +१ ऐवजी क्राऊनचे +२.३१ नंबरचे आणि फ्लिंटचे −१.३१ नंबरचे भिंग एकमेकांना चिकटवून पाहा. पहिल्याचा रंगदोष ०.०३६ आणि दुसऱ्याचा उणे ०.०३६ येतो, म्हणजे बेरीज शून्य. नंबरांची बेरीज मात्र +१ उरतेच.

ही युक्ती चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाला १७३० च्या सुमारास सुचली. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगे लंडनमधल्या दोन वेगळ्या कारागिरांकडे घासायला दिली. त्या दोघांनीही ते काम जॉर्ज बास या एकाच माणसाकडे सोपवले, असे सांगतात. पेटंट मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंडने घेतले.

अशा जोडभिंगात लाल आणि निळा हे दोनच रंग एका जागी येतात. आपल्या एक मीटर नाभीय अंतराच्या एकेरी भिंगात त्यांच्यात सुमारे १६ मिलिमीटरचे अंतर पडते. जोडभिंगातही हिरवा रंग त्यांच्यापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर बाजूला राहतो, त्यामुळे तेजस्वी ताऱ्याभोवती फिकट जांभळी छटा उरू शकते.

चष्म्याच्या दुकानातून नंबर जुळवून दुसरे भिंग आणण्याच्या भरीस पडू नका, कारण काच जुळणार नाही. मोडक्या द्विनेत्रीचे पुढचे भिंग बहुधा असे जोडभिंगच असते. ते नळीत बसवताना त्याची अधिक फुगीर बाजू आकाशाकडे ठेवा. ते मिळेपर्यंत आपल्या भिंगापुढे २५ मिलिमीटरचे भोक पाडलेला काळा पुठ्ठा लावा : चंद्र थोडा मंद दिसेल, पण झालर बरीच आवरेल.