पट्टीवर एक भाव, मोबाईलवर दुसराच!

प्रश्न : आमचे बाबा रिटायर झाल्यापासून सकाळी सव्वानऊला बिझनेस चॅनल लावून बसतात ते साडेतीनलाच उठतात. खाली दोन पट्ट्या सरकत असतात, एकाच शेअरचा भाव दोन्हीत थोडा वेगळा आणि माझ्या अ‍ॅपवर तिसराच. परवा हिरवा बाण बघून म्हणाले वाढतोय, घे. मी बघते तर शेअर सकाळपासून घसरतच होता. खरं काय धरायचं?
- एक वाचक, सांगली

उत्तर : बाबांच्या दोन्ही पट्ट्या खऱ्याच आहेत हो. एक एनएसईची म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची, दुसरी बीएसईची म्हणजे मुंबई शेअर बाजाराची, दोन वेगळी मार्केटं, सौदे वेगळे, त्यामुळे पाच-दहा पैसे इकडेतिकडे होणारच.

हिरव्या बाणाने मात्र भलेभले फसतात. तो बाण आज सकाळच्या भावाशी नाही तर कालच्या बंद भावाशी तुलना करतो. समजा काल शेअर १०० ला बंद झाला, आज उघडतानाच १०६, आणि आत्ता १०२, तर पट्टी म्हणणार २ टक्के वर, रंग हिरवागार, आणि सकाळी १०६ ला घेतलेला बिचारा ४ रुपये खाली बसलाय. बोनसच्या वेळी तर अजून गंमत, ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, तेव्हा भाव एका रात्रीत साधारण निम्मा दिसायला लागला, ज्यांना माहीत नव्हतं त्यांना धस्स झालं असणार, पण शेअर दुप्पट झाले होते ना!

आता मोबाईलवरचा भाव वेगळा का, तर टीव्हीवरचा उशिरा पोचतो म्हणून. एक्स्चेंजमधून निघालेला भाव स्टुडिओत जाणार, तिथून सॅटेलाइट, मग तुमचा सेट टॉप बॉक्स, यात काही सेकंद जातातच, आणि तेच चॅनल इंटरनेटवर बघत असाल तर आणखी उशीर. हे दुखणं जुनंच आहे म्हणा. १८६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिलं टिकर मशीन आलं, टिकटिक करत भावांची कागदी फीत छापायचं म्हणून टिकर, आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला तेव्हा ती फीत चक्क तासन् तास मागे पडली, लोकांना आपण बुडालोय हे कळायलासुद्धा उशीर झाला.

तर बाबांना टीव्ही बघू द्या, पण ऑर्डर टाकताना भाव अ‍ॅपवरचाच बघा आणि शक्यतो लिमिट लावूनच, म्हणजे आपल्याला चालेल तो भाव ठरवूनच टाका. पट्टीवर आपला शेअर परत फिरून येईपर्यंत तसाही एक चहा होतो.