तारीख त्याला तुझ्याकडून कळू दे

प्रिय मुली,

रात्री उशिरा आलेला तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझ्या तुरुंगात मंजूर जागेच्या दुपटीहून जास्त बंदी, रात्रपाळीला बोटांवर मोजण्याइतके शिपाई, आणि वरचे दोन साहेब दोन तोंडांनी बोलणारे. एक म्हणतो सुरक्षा सांभाळ, दुसरा म्हणतो गर्दी हटव. आधी काय करू, असं विचारलंस. नोकरी सोडू का, हेही शेवटच्या ओळीत घुसडलंस. त्याचं उत्तर मी देणार नाही, कारण ते तुला ठाऊक आहे.

गर्दी आणि सुरक्षा ही दोन वेगळी रजिस्टरं आहेत असं तू धरून चालली आहेस, इथेच घोळ आहे. काम एकच आहे. तुझ्या तुरुंगातल्या प्रत्येक न्यायबंदीला, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कच्च्या कैद्याला, त्याची पुढची तारीख ठाऊक हवी, खटला कुठे अडलाय ते ठाऊक हवं, आणि हे त्याला कार्यालयाकडून कळायला हवं. बराकीतल्या भाईकडून नाही.

हसू नकोस. माझे हाताखालचे अधिकारीही हसायचे.

आदर्श कारागृह नियमावली बराकीत माणशी 3.71 चौरस मीटर जागा सांगते. तुझ्याकडे तेवढ्यात दोघं झोपतात, काही बराकींत तिघंही असतील. कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. अशा ठिकाणी पंख्याखालची जागा विकली जाते, संडासापासून लांबची जागा विकली जाते. ते तुला दिसलं असेल. न दिसणारा धंदा बातमीचा असतो. ‘तुझा वकील फिरकलाच नाही’, ‘तुझी तारीख दिवाळीनंतर लागली’, ‘माझा माणूस कोर्टात आहे, काम करून देतो’. पहिल्यांदाच आत आलेलं पोरगं अशा माणसाचे कपडे धुऊ लागतं, मग त्याच्यासाठी पुड्या लपवू लागतं, आणि झडतीत सापडतं ते पोरगंच. भाई हात झाडून मोकळा. त्या पोराला त्याची तारीख तू आधीच सांगितली असतीस, तर भाईकडे विकायला काय उरलं असतं?

भिंतीचं कौतुक मला सांगू नकोस. जून 2012 मध्ये येरवड्याच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे राज्यातल्या सर्वांत कडेकोट कोठड्यांपैकी एकीत, एका न्यायबंदीचा चड्डीच्या नाडीने गळा आवळून खून झाला. तिथे गर्दी नव्हती. 31 मार्च 2015 च्या पहाटे नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच जण गज कापून, भिंत ओलांडून पळाले. गज एका रात्रीत कापले जात नाहीत. बराकीत कुणाला ना कुणाला चाहूल लागतेच. प्रश्न असतो तो माणूस ती कुणाला सांगतो याचा. ज्याने त्याला त्याची तारीख सांगितली, त्यालाच तो सांगेल. मी नोकरीभर हेच पाहिलं. कॅमेरे माग, जॅमर माग, जरूर माग. पण ते येईपर्यंत हात बांधून बसू नकोस.

आता गर्दीकडे ये. तारीख सांगायची तर ती आधी तुला कळली पाहिजे, आणि कळायची तर वॉरंट, म्हणजे त्याला आत ठेवायचा कोर्टाचा कागद, वाचलं पाहिजे. आपल्याकडे वॉरंटाच्या टेबलावर कोण असतो? आजारी, शिक्षा म्हणून बसवलेला, किंवा निवृत्तीला टेकलेला. तुझा सर्वांत हुशार शिपाई उद्या तिथे बसव. प्रत्येक न्यायबंदीचं कलम, त्या कलमाची जास्तीत जास्त शिक्षा, आत आल्याची तारीख, आणि आधी कधी शिक्षा झाली आहे का, एवढं त्याला काढायला सांग. पहिल्याच आठवड्यात तुझे डोळे उघडतील.

माझ्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 436अ होतं, जास्तीत जास्त शिक्षेची निम्मी मुदत काढली की सोडायचं. 1 जुलै 2024 पासून तुझ्या हातात नव्या संहितेचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 479 आहे. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश, बाकीच्यांना निम्मी. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या खटल्यांतल्या बंद्यांनाही लागू केलं. आणि पोटकलम 3 नीट वाच: मुदत भरली की न्यायालयाकडे लेखी अर्ज अधीक्षकाने करायचा आहे. वकिलाने नाही, नातेवाइकाने नाही. साहेब सही करतात, पण कागद समोर कुणी ठेवायचा? तूच. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही. एकाहून जास्त गुन्हे चालू असले तरी अडतं. मात्र तिथेही बघ: दुसरा खटला निकाली निघालेला असतो आणि त्याचं वॉरंट फाइलमध्ये तसंच लटकत असतं. असे लोक मी स्वतः बाहेर काढले आहेत.

जामीन झालेला आणि तरी आत असलेला माणूस शोध. ही आपल्या खात्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. 1978 साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार आणि तोही त्याच जिल्ह्यातला, या हट्टावर कोरडे ओढले होते. इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या बराकीत असे गवंडी असतीलच. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशाप्रमाणे जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आहे. पैसेच नसतील तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, जामिनासाठी पैसे मिळतात. ही यादी तुझ्याकडे नसेल तर गर्दीवर बोलायचा तुला अधिकार नाही. रागावू नकोस, मलाही नव्हता.

‘स्टाफ नाही’ हे मला लिहू नकोस. स्टाफ कधीच नव्हता. कोर्टात नेणारी पोलीस पार्टी आली नाही म्हणून तारीख चुकते, व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवरून कोर्टापुढे, उभा केलेला माणूस अर्ध्या मिनिटात परत येतो आणि काय झालं ते त्याला कळलेलं नसतं. त्या संध्याकाळी, बराकी बंद होण्याआधी, त्याला त्याची पुढची तारीख सांग. वाचून दाखव, भिंतीवर लाव, कसंही कर. महिला विभागात तर आधी सांग. तिथे घरी राहिलेल्या मुलांच्या काळजीने बाया रात्रभर जागतात आणि भांडणं पहाटे होतात.

नव्या तुरुंगाची वाट बघू नकोस. 2022 अखेर देशात 4,36,266 जागांवर 5,73,220 बंदी होते, त्यातले 4,34,302 न्यायबंदी. बेरीज तूच कर. जवळजवळ जागेएवढे तर नुसते कच्चे कैदीच होते. 2020 च्या कोरोनाची आठवण आहे ना? मे महिन्यात आर्थर रोडमध्ये शंभराहून जास्त बंदी आणि कर्मचारी बाधित निघाले. राज्यातले हजारो बंदी तात्पुरत्या जामिनावर, पॅरोलवर सुटले. वर्षानुवर्षं ‘शक्य नाही’ म्हणणाऱ्यांनी काही आठवड्यांत याद्या केल्या. तेव्हा कुठला नवा टॉवर बांधला होता?

तू ऐकलं असशील, माझी चौकशी झाली होती. पहाऱ्याच्या टॉवरवरचा एक माणूस काढून मी वॉरंटाच्या टेबलावर बसवला, म्हणून. ‘सुरक्षेकडे दुर्लक्ष’ असा शेरा आला, बढती अडली. कार्यालयात मला ‘बंद्यांचा वकील’ म्हणायचे. त्या तुरुंगात माझ्या काळात दंगा झाला नाही, कुणी पळालं नाही. हे चौकशीत मी सांगितलं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. आजही तोच माणूस तिथेच बसवीन. तुझ्या काकू म्हणतात, हा विषय निघाला की माझा आवाज चढतो. चढू दे. खंत वाटते ती एवढीच, की हे सगळं मी तोंडी करत राहिलो. बदली झाली आणि माझ्यामागून आलेल्याने पहिल्या आठवड्यात ते टेबल पुन्हा रिकामं केलं. तू कार्यालयीन आदेश काढून घे, साहेबांच्या सहीने, म्हणजे तुझ्यामागून येणाऱ्याला तो मोडायला निदान कागद तरी लागेल.

न्यायबंद्यांच्या आढावा समितीची पुढची बैठक कधी आहे ते बघ. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, सगळे तिथे असतात. यादी टपालाने पाठवू नकोस. आठवडाभर आधी स्वतः सचिवांकडे जा, खुर्ची ओढून बस, एकेक नाव वाच. सोबत वॉरंटाच्या टेबलावरचा तो शिपाई ने, उत्तरं त्याला तुझ्याहून जास्त माहीत असतील.

पहिली यादी झाली की मलाही पाठव. कलमं आणि मुदती तपासून देतो. नावं तेवढी गाळ.

तुझा,
सर