पेंग्विनचे ‘काकागार’ म्हणावे का?

सोलापुरातील एका शिक्षिकेने विचारले आहे, की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यावर ‘पेंग्विन रूकरी’साठी ‘पेंग्विनचे काकागार’ असे लिहिले तर चालेल का, कारण रूकरी म्हणजे काकागार असेच त्यांच्या वाचनात आले आहे.

तसे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ हे दोन्ही देखणे शब्द आपल्याच सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांनी मराठीला दिले. इंग्रजीतला ‘रूक’ हा पक्षी कावळ्याच्याच कुळातला. त्याच्या वसाहतीचे ‘रूकरी’ हे नाव पुढे पेंग्विन आणि सील यांच्या वसाहतींनाही लागले आणि वापराने रुळले. मराठीत तसे झालेले नाही. ‘काकागार’ वाचताच कावळाच डोळ्यांपुढे येतो. ‘पेंग्विनागार’ही नको, मुंबईच्या राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन ज्या थंड कक्षात ठेवले आहेत त्याला ते शोभेल, उघड्या किनाऱ्याला नाही. ‘विणीचा हंगाम’ आपण नेहमी म्हणतोच, त्याच वळणाने ‘विणीची वसाहत’ म्हणावे.

मात्र चित्राखाली ‘घरटे’ लिहिण्यापूर्वी जात पाहावी. अॅडेली पेंग्विन अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील बर्फ नसलेल्या जमिनीवर खडे रचून घरटे करतो, आणि त्या खड्यांची शेजाऱ्याकडून चोरीही करतो. एम्परर पेंग्विन घरटे करतच नाही. तेथील ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर मादी एकच अंडे घालते आणि ते नराच्या स्वाधीन करून खाद्यासाठी समुद्राकडे निघून जाते. नर ते पावलांवर घेऊन, पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकून, सुमारे दोन महिने उपाशीपोटी उबवतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाची ओळख असलेल्यांना हे घरट्याविना अंडे घालणे चटकन कळेल, कारण तिथल्या माळढोकाची मादीही घरटे न करता उघड्या जमिनीवरच अंडे घालते. किंग पेंग्विनही अंडे पावलांवरच उबवतो, पण त्याच्या वसाहती दक्षिण जॉर्जियासारख्या बेटांवर, जमिनीवर असतात. गॅलापागोस पेंग्विन तर थेट विषुववृत्तालगत, लाव्हाच्या कपारींत अंडी घालतो. त्याच्या चित्राला ‘बर्फाळ प्रदेशातील पक्षी’ ही ओळ जोडू नये.

न्यूझीलंडच्या पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनसाठी ‘वसाहत’ हा शब्दही टाळावा. त्याच्या जोड्या झाडोऱ्यात, एकमेकींच्या नजरेआड घरटी करतात, तेव्हा तेथे ‘विणीची जागा’ एवढेच लिहिणे योग्य.