रिसॉर्ट तुम्हाला काढायचंय, मग कोर्स मुलाने का करायचा?

लोणारजवळच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलंय. शाळेत शिक्षक आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतायत. सरोवरापासून जवळच त्यांचा प्लॉट आहे. मुलगा बारावी सायन्स, 64 टक्के, त्याला बीएस्सी जिओलॉजी करायचंय. वडिलांचं म्हणणं, "त्यात काही स्कोप नाही, त्याने टुरिझममध्ये बीबीए-एमबीए करावं, लोणार आता जिओपार्क होणारच आहे, तोवर डिग्री हातात येईल, मग वीस खोल्यांचं रिसॉर्ट आणि स्विमिंग पूल टाकू. तुम्ही त्याला समजावा."

सर, समजावायचं कोणाला ते आधी ठरवू या. दीड पानाच्या पत्रात मुलगा एका वाक्यात येतो आणि तेही "दगड गोळा करत फिरतो, ऐकत नाही" असा. बाकी सगळा प्लॉट, लोन, खोल्या, जेसीबी. मार्कांची मला काळजी नाही, 64 टक्क्यांवर बीएस्सी अडत नाही. काळजी वाटते ती याची की रिटायरमेंटनंतर काय करायचं हा तुमचा प्रश्न तुम्ही अठरा वर्षांच्या पोराच्या अ‍ॅडमिशनने सोडवायला निघालायत. स्वप्न चांगलं आहे, पण ते तुमचं आहे. तुम्हाला तिथली माणसं माहीत आहेत, तहसील माहीत आहे, बोलायची सवय आहे, वेळ असणार आहे, मग करा ना तुम्हीच. मुलाला त्यात हौस असती तर तो दगड सोडून खोल्यांचे रेट काढत बसला असता.

आता जिओपार्कचं. हा गैरसमज खूप जणांचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. जिओपार्क म्हणजे सरकार कंपाउंड घालतं, तिकीट खिडकी लावतं आणि भरती निघते असं काही नसतं. खास भूवारसा असलेला, तो जपून त्यावर शिक्षण आणि पर्यटन उभं करणारा प्रदेश म्हणजे जिओपार्क. युनेस्कोचा हा अधिकृत दर्जा 2015 पासून आहे आणि त्या हद्दीत गावं, शेतं, देवळं, बाजार सगळं असतं, लोक तिथेच राहतात. अर्ज करायच्या आधी किमान वर्षभर ते काम प्रत्यक्षात चालू असलेलं दाखवावं लागतं, म्हणजे माहिती देणारी माणसं, शाळांचे कार्यक्रम, स्थानिकांना मिळणारा रोजगार, जागेची राखण, हे आधी आणि बोर्ड नंतर. शिवाय दर चार वर्षांनी तपासणी होते, कमी पडलात तर यलो कार्ड म्हणजे ताकीद, तरीही नाही सुधारलं तर दर्जा काढून घेतात. मलेशियातलं लंकावी 2007 मध्येच, म्हणजे हा दर्जा अधिकृत व्हायच्या आधीच, जागतिक जिओपार्कांच्या नेटवर्कमध्ये आलं, पण एकदा यलो कार्ड त्यांनाही मिळालंच. भारतात अजून एकही युनेस्को जिओपार्क नाही. लोणार अभयारण्य आहे, राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे, 2020 पासून रामसर पाणथळ (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारातली जागा) आहे, पण ही सगळी वेगळी प्रकरणं आहेत. "होणारच आहे" यावर लोन काढू नका.

आणि पूल? सर, तुम्ही तिथले आहात, तुम्हाला मी काय सांगू. सरोवरातून पाणी बाहेर जायला वाटच नाही, फक्त वाफ होऊन जातं, म्हणून तर ते इतकं खारट आणि क्षारयुक्त. आत गेलेलं सांडपाणी आतच राहणार. धारेचं, म्हणजे कडेच्या बारमाही झऱ्याचं, गोडं पाणी जमिनीखालून येतं, आजूबाजूला प्रत्येकाने बोअर पाडून पूल भरायचं ठरवलं तर ती धार किती वर्षं टिकेल? प्लॉट इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये (अभयारण्याभोवतीच्या, बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात) येतो का ते वनखात्याकडून लेखी घ्या, आर्किटेक्ट नंतर. वीसऐवजी घरातल्याच तीन-चार खोल्यांचं होमस्टे, घरचं जेवण, पावसाचं पाणी साठवायला टाकी, एवढ्यानेही सुरुवात होते आणि कर्जाचा डोंगर होत नाही.

खरी उणीव खोल्यांची नाहीच. माणूस गाडीतून उतरतो, कडेवरून फोटो काढतो, "2020 ला गुलाबी झालं होतं ना, परत कधी होणार?" विचारतो (ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं होतं, वेळापत्रक नाही त्याला), दैत्यसूदनाचं देऊळ बघितलं न बघितलं करतो आणि अर्ध्या तासात निघतो. तो उभा असतो ती कड उल्केच्या आघाताने साधारण 20 मीटर वर उचलली गेलीय, एरवी आडवे पसरलेले बेसाल्टचे (लाव्हाच्या काळ्या दगडाचे) थर तिथे बाहेरच्या बाजूला कललेत, हे त्याला कोणी बोट ठेवून दाखवत नाही. दाखवलं की "उल्केचा तुकडा मिळेल का?" हा प्रश्न थांबतो, उल्का बहुतेक तेव्हाच वाफ होऊन गेली आणि कडेचा दगड उचलायचा नसतो हेही कळतं. सरोवराचं वय 52 हजार वर्षं की 5 लाख 70 हजार, दोन पद्धतींनी दोन उत्तरं आलीत, ती का आली हे ज्याला रंगवून सांगता येतं त्याच्यासाठी माणूस मुक्काम करतो. आणि हे सांगायला जिओलॉजी शिकलेला माणूस लागतो, एमबीए नाही.

तर तुमच्या मुलाचं बघू. रस्ता नेहमीचाच, बीएस्सी, मग आयआयटी जॅम किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे जीएसआयसाठी (केंद्राच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यासाठी) यूपीएससीची जिओसायंटिस्ट परीक्षा. राज्यातली भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आहे, पाण्याचं काम करणाऱ्या संस्था आहेत, खाणीच फक्त नाहीत. जिओलॉजी सगळ्या कॉलेजात नसतं, पुण्यात फर्ग्युसनला आहे, संभाजीनगरला शासकीय विज्ञान संस्थेत आहे, फॉर्म भरताना सोबतचे विषय कोणते घ्यावे लागतात ते आधी बघून घ्या. केमिस्ट्री कच्चं असेल तर या सुट्टीतच पक्कं करायला सांगा, खनिजांमध्ये ते पदोपदी लागतं. आणि घरातले ते दगड फेकू नका, प्रत्येकावर कुठे सापडला आणि कधी, एवढी चिठ्ठी लावायला सांगा त्याला. अभयारण्यातले असतील तर मात्र जागेवर परत.