खाडीची पाणथळ जागा भरून दुसरीकडे तेवढीच कांदळवनं लावली तर नुकसान भरून निघतं का?

नाही, निदान आपल्या हयातीत तरी नाही. कारण खरी संपत्ती झाडांपेक्षा चिखलात असते, शेकडो वर्षं साचलेला गाळ, त्यातला कार्बन, किडे, शिंपल्या, आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करण्याच्या वाटा, पक्षी त्यावरच जगतात, आणि हे सगळं रोपं लावून येत नाही. २०१२ च्या एका अभ्यासात जगभरातल्या ६२१ पुनर्स्थापित किंवा नव्याने केलेल्या पाणथळ जागा तपासल्या, तर शंभर वर्षांनंतरही तिथली जीवसंरचना (म्हणजे झाडं-प्राणी किती आणि कोणते) मूळपेक्षा सरासरी २६ टक्के आणि मातीतला कार्बनसाठा वगैरे २३ टक्के कमीच होता. श्रीलंकेत त्सुनामीनंतर २३ ठिकाणी कांदळवनं लावली, ९ ठिकाणी एकही झाड टिकलं नाही, बऱ्याच अंशी भरतीच्या पाण्याच्या दृष्टीने जागाच चुकीची निवडली होती म्हणून. त्यामुळे प्रकल्पवाले 'एकाला तीन झाडं लावू' म्हणाले की आधी पाण्याच्या पातळीचं विचारा, रोपांचा आकडा नंतर. फक्त एक अपवाद, बांध घालून समुद्रापासून तोडलेल्या जुन्या पाणथळीत भरतीचं पाणी परत सोडलं आणि जवळपास बिया देणारी झाडं शिल्लक असली, तर ती बऱ्यापैकी आपोआप सावरते, पण ते भराव टाकायचं लायसन्स नाही.