किड्यांच्या शरीरातल्या बॅक्टेरियांनाही व्हायरस लागतो का, आणि त्याने किड्याला काय होतं?

हो लागतो, आणि कधीकधी त्या व्हायरसमुळेच किडा जगतो! माझं सगळ्यात आवडतं उदाहरण वाटाण्यावरच्या हिरव्या माव्याचं (मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारा बारीक किडा). याच्या अंगात हॅमिल्टोनेला डिफेन्सा नावाचा बॅक्टेरिया असतो (सगळ्या माव्यांत नाही, काहींतच, आणि तो अंगातल्या द्रवात आणि पेशींमध्ये राहतो). आता होतं काय, की एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी येते, माव्याच्या अंगात अंडं टोचते, त्यातून अळी निघते आणि ती माव्याला आतूनच खात बसते, शेवटी उरतं ते फुगलेलं तपकिरी कडक टरफल आणि त्याला माशी बाहेर पडल्याचं गोल भोक. शेतात पानं उलटून बघितली तर अशी टरफलं सहज दिसतात.

पण हॅमिल्टोनेला असलेल्या माव्यात ती अळी बऱ्याचदा आतच मरते. आधी वाटायचं श्रेय बॅक्टेरियाचं, पण २००९ मध्ये केरी ऑलिव्हर, नॅन्सी मोरान वगैरे शास्त्रज्ञांनी दाखवलं की खरं काम बॅक्टेरियाच्या आत बसलेल्या एपीएसई या व्हायरसचं आहे, त्याच्या जीन्समध्ये विषारी प्रोटीन बनवायची माहिती असते. लॅबमध्ये काही माव्यांच्या बॅक्टेरियातून हा व्हायरस आपोआप गळून गेला आणि बॅक्टेरिया तोच असूनही संरक्षण गेलं!

म्हणून व्हायरस म्हटला की रोगच, असं धरून चालू नका, इथे मावा, बॅक्टेरिया आणि व्हायरस तिघांचंही एकमेकांमुळे भलं होतंय.