रात्री दीडचं विमान आणि त्याआधीचा अख्खा दिवस

तुमचा प्रश्न असा, की आई-बाबा पहिल्यांदाच बहिणीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला चाललेत, दुबईला विमान बदलायचंय, मुंबईहून उड्डाण १४ तारखेला रात्री १.३० ला आहे, तर डोंबिवलीहून किती वाजता निघायचं?

१३ तारखेला संध्याकाळी साडेसातला.

तेरा तारीख वाचून दचकला असाल तर बरंच झालं. तिकिटावर १४ लिहिलंय म्हणून १४ च्या रात्री टी-२ वर, म्हणजे मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर, पोचणारी मंडळी खरंच असतात. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. आजच कालनिर्णयवर १३ च्या चौकोनात लाल पेनाने लिहून ठेवा, बाबांच्या डोळ्यांसमोर राहील. आणि तिकिटावर विमानतळही बघा. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. डिसेंबर २०२५ पासून तिथूनही विमानं उडतात, आणि डोंबिवलीकरांचा रस्ता त्यावरच ठरतो.

आता माझं मत. विमान रात्रीचं असलं की १३ तारीख सगळ्यांना मोकळी वाटते आणि तिथेच घोळ होतो. सकाळी मावशी, दुपारी जेवायला आत्या, मग आठवतं की मेतकूट राहिलं, की बाबा चालले फडके रोडला. रात्री दहाला विमानतळावर उभी असलेली ही माणसं पहाटे पाचपासून जागी असतात आणि खरा प्रवास अजून सुरूच झालेला नसतो. भेटीगाठी १२ लाच उरका. १३ ला दुपारी बारानंतर घरात कोणी येणार नाही, असं तुम्ही सांगा. आई सांगणार नाहीत. मग हलकं जेवण, पडदे ओढून दोन तास झोप. झोप लागली नाही तरी पाठ टेकू दे.

बॅगा १२ च्या रात्रीच बंद व्हायला हव्यात. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेकदा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, तरी तुमच्या तिकिटावरचा आकडा खरा. वजन घरीच करा. हुकाचा काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे असतो, तो नाही म्हणत नाही. २२ च्या पुढे जाऊ नका, कारण विमानतळावर काउंटरसमोर बॅग उघडून लोणच्याची बरणी इकडून तिकडे करताना आईंचा जीव अर्धा होतो. लोणचं, तूप खालच्या, म्हणजे काउंटरवर द्यायच्या बॅगेत. औषधं मात्र हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पॉवर बँकही हातातच. खालच्या बॅगेत ती चालत नाही.

निघताना शेजारच्या काकू ओटी भरणार, हे गृहीत धरा. ती भरू द्या, पण नारळ आणि तांदूळ घरीच राहू द्यात. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून सुका नारळ सामानात नेऊ देत नाहीत. भारतातून तांदूळ नेण्यावर अमेरिकेत बंदी आहे, खापरा नावाच्या किडीमुळे. आईंच्या पर्समध्ये कोपऱ्यात राहिलेली ती तांदळाची मूठ न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर निघायला नको. निघण्यापूर्वी पर्स एकदा उलटी करून झटका.

रस्त्याचं म्हणाल तर संध्याकाळी शिळफाट्याला किती वेळ जाईल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही, म्हणून साडेसात. मेट्रो ३ थेट टी-२ खाली येते हे खरं, पण तुम्हाला आधी लोकलने घाटकोपर, मग मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून पुन्हा गाडी बदलायची. चार बॅगा आणि दोन ज्येष्ठ नागरिक घेऊन हा उद्योग नको. गाडीच करा, आणि बॅगा आत मावतील अशी मोठी करा.

व्हीलचेअर तिकिटावर आजच नोंदवून घ्या. बाबा म्हणतील, "मी काय म्हातारा झालो का?" म्हणू देत. टी-२ वर चालणं भरपूर आहे आणि दुबईला त्याहून जास्त. खुर्चीसोबतचा माणूस इमिग्रेशनपासून गेटपर्यंत नेतो, त्याचे वेगळे पैसे विमान कंपनी घेत नाही.

तुम्हाला दारातूनच परतावं लागेल. आत शिरताना सीआयएसएफचा जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो, आणि वर गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. त्यामुळे नमस्कार, रडणं, फोटो सगळं घरीच करून घ्या. बहिणीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दोघांच्याही खिशात एकेक ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच मान टाकते. आई-बाबांना सोडल्यावर तुम्ही लगेच डोंबिवलीची वाट धरू नका, पार्किंगमध्ये थांबा. बॅगा गेल्या, इमिग्रेशन झालं, गेटवर बसलोय, असा बाबांचा फोन आला की निघा. तोवर साडेअकरा-बारा वाजतील, शिळफाटाही मोकळा मिळेल.